दुपारचा चंद्रोदय

मला पाण्याची भीती वाटते. हे सांगायला मी लाजत नाही. बादलीतल्या पाण्याची नाही, ज्याचा तळ दिसत नाही त्या पाण्याची. न्यूझीलंडमध्ये असं बोललं की लोक एखादा आजार सांगितल्यासारखं बघतात. इथे सुट्टी लागली की जो तो टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घेऊन कुठल्या ना कुठल्या पाण्यात उडी मारायला निघतो. आमच्या फार्मसीतल्या पोरी, पायातल्या जँडल्स काढून नुसते पाय तरी बुडव, म्हणून माझ्या मागे लागून लागून थकल्या. मी आपली वाळूत बसून सगळ्यांच्या पर्सेस सांभाळते.

ही भीती आईची. ती सोळा वर्षांची असताना पानशेतचं धरण फुटलं आणि नारायण पेठेतलं त्यांचं घर पाण्यात गेलं. त्यानंतर तिने नदीकडे कधी धड बघितलं नाही, आणि लग्न मात्र झालं पाटबंधारे खात्यातल्या माणसाशी. बाबांचं अख्खं आयुष्य धरणांवर गेलं. काम संपलं की ते काठावर गळ टाकून बसायचे आणि आई घरात देवापाशी. मी लग्न होऊन ऑकलंडला निघाले तेव्हा तिला माझ्या नोकरीची, घराची, थंडीची, कशाची म्हणून काळजी नव्हती. "मधे केवढं पाणी गं," एवढंच म्हणाली.

आईला जाऊन दीड वर्ष झालं आणि बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे ऑकलंडमधल्या पापाकुराला आले. निघायच्या आदल्या दिवशी पुण्याहून माझ्या भावाचा, चंद्रहासचा फोन आला. "ताई, त्यांना साखर आहे आणि ते हट्टी आहेत. तुझ्या भरवशावर पाठवतोय." मी म्हटलं, लोकांना गोळ्या कशा घ्यायच्या हे सांगून मी पोट भरते, तू मला शिकवू नकोस.

पहिल्याच महिन्यात आमचं वाजलं. बाबांनी संकष्टी धरायचं काढलं. आई होती तोवर तिच्या उपासांची टर उडवणारा हा माणूस! ती साबुदाणा भिजवायला लागली की विचारायचे, "आज गणपतीकडे काय काम काढलंस?" आणि आता म्हणे चंद्र दिसेपर्यंत काही खाणार नाही. मी त्यांना समोर बसवलं.

"बाबा, तुमची ही गोळी पोटात अन्न आहे असं धरून साखर खाली आणते. अन्न नसलं तरी आणते. आणतच राहते. उपाशीपोटी घेतलीत तर आधी बरळाल, मग पडाल आणि मग उठणार नाही. गोळी चुकवायची नाही. म्हणजे उपास बंद. कळलं?"

बाबा चष्मा पुसत बसले. मला वाटलं, पटलं.

गळाचं वेड मात्र तसंच होतं. पापाकुराच्या लायब्ररीतून ते अमेरिकन मासिकं आणायचे आणि बास नावाच्या माशाचे फोटो मला दाखवायचे. इंद्रनीलला, माझ्या नवऱ्याला, सासऱ्यांचं भारी कौतुक. त्याने रोटोरुआचा एक गाइड गाठला. रॉस त्याचं नाव. बास म्हटल्यावर रॉस फोनवर मोठ्यांदा हसला. "बास इथे नाही, मेट. इथे ट्राउट." बाबांना तेही चाललं. आठवडाभर ट्राउट सुरमईसारखा रव्यात तळायचा की कालवण करायचं, एवढाच विषय घरात होता.

"शनिवार की रविवार?" इंद्रनीलने विचारलं तेव्हा मी फ्रिजवरची दिनदर्शिका बघितली. ऑकलंडच्या देवळातून मिळालेली, इथल्या तिथी लावलेली. रविवारी संकष्टी होती. "शनिवार," मी म्हटलं. संकष्टीला बाबा मला घरात, नजरेसमोर हवे होते.

आणि ऐन वेळी इंद्रनीलच्या ऑफिसात सर्व्हर बदलायचं निघालं. पैसे भरलेले, मोटेल ठरलेलं, बाबांनी टोपीसुद्धा घेतलेली. शुक्रवारी संध्याकाळी मी बाबांना घेऊन रोटोरुआला पोचले. गंधकाचा वास मारणाऱ्या त्या मोटेलच्या खोलीत रॉसचा फोन आला.

"दोन तळी आहेत," तो म्हणाला. "तुम्ही ठरवा. ताउपो मोठं आहे, मासे मोठे. गाव समोर दिसतं, मोबाइल लागतो, आजूबाजूला बोटी असतात. पण वारा सुटला तर लाटा उठतात. दुसरं ओकाताइना. लहान आहे, चहूबाजूंनी जंगल, त्यामुळे वारा लागत नाही. पाणी एकदम शांत. पण तिथे कुणी नसतं आणि फोन लागत नाही."

"ताउपो!" बाबा माझ्या कानाशी कान लावून ऐकत होते. "समुद्रच आहे तो, सुखू. मी फोटो बघितलाय. पलीकडचा काठ दिसत नाही."

पलीकडचा काठ दिसत नाही, म्हणे. "लाटा बोटीत येतात का?" मी रॉसला विचारलं.

"सहसा नाही."

त्या 'सहसा'वरच माझा निर्णय झाला. "ओकाताइना," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

बाबा आता भांडतील अशी माझी तयारी होती. ते भांडले नाहीत. टोपी हातात फिरवत म्हणाले, "तू बोटीत बसणार? काठावर थांब हवं तर."

"तुम्हाला एकट्याला सोडू? काहीतरीच."

"उद्या पाण्यात जाणार म्हणजे तू," ते स्वतःशीच म्हणाले आणि लवकर झोपले.

सकाळी उठले तर बाबांची आंघोळ झालेली. इस्त्रीचा शर्ट. मासे धरायला इस्त्रीचा शर्ट कशाला, असं मनात आलं, पण मला माझीच धास्ती पुरे होती. मी टोस्ट भाजले, दुधात म्यूझली घातलं, गोळी बाबांच्या हातावर ठेवली आणि त्यांनी ती गिळलेली बघितली. ती मी रोजच बघते. मग मी आंघोळीला गेले. बाहेर आले तर बशी रिकामी, वाडगा धुऊन ठेवलेला.

"खाल्लंत?"

"हं," बाबा म्हणाले. मोटेलच्या दाराबाहेर हिरवळीवर सात-आठ बदकं जमून ओरडत होती. बाबा त्यांच्याकडे बघत होते.

ओकाताइनाला जाणारा रस्ता झाडांच्या खालून जातो, दिवसासुद्धा दिवे लावावेसे वाटतात. मग एकदम तळं समोर येतं. मार्चमधलं आभाळ भरून आलं होतं आणि पाणी काळं होतं. शांत होतं, रॉस खोटं बोलला नव्हता. पण ते शांत पाणी मला लाटांहून वाईट वाटलं. त्याच्या मनात काय आहे ते कळत नव्हतं.

"किया ओरा!" रॉस म्हणाला. पन्नाशीचा, लाल चेहऱ्याचा, बोलका माणूस. त्याने मला लाइफ जॅकेट दिलं आणि मी दुसरं मागितलं. "एक पुरतं," तो म्हणाला. मी हात पुढे धरूनच उभी राहिले, पण त्याने दिलं नाही.

माझी पर्स मी गाडीतच ठेवली. तिच्यात दोघांचे पासपोर्ट होते, फोन होता, बाबांच्या गोळ्या आणि ग्लुकोजचा डबा होता. पाण्यात पडली तर, म्हणून ठेवली. बाबांचं खाणं झालंय, रॉसकडे सँडविचेस आहेत, मग ग्लुकोज कशाला लागतंय? असा सगळा विचार करून मी डिकीला कुलूप लावलं.

बोटीत मी मधोमध बसले, दोन्ही हातांनी बाक धरून. बाबा मात्र खुशीत होते. रॉसने गळ कसा सोडायचा ते दाखवायला सुरुवात केली आणि बाबांनी गळाची काठी त्याच्या हातातून घेऊन स्वतःच सोडला. बोटीचा धक्का मागे गेला, गाड्या दिसेनाशा झाल्या, मग नुसतं जंगल उरलं. मी दर मिनिटाला विचारत होते, "खोल किती?" आणि रॉस खरं खरं सांगत होता. शेवटी मीच विचारायचं बंद केलं.

बऱ्याच वेळाने बाबांची काठी वाकली. मी ओरडले, रॉस ओरडला. बाबांनी न घाबरता मासा खेळवत खेळवत आणला. चांगला हातभर लांब, अंगावर गुलाबी पट्टा. रॉस त्याला मारायला लाकडी दांडका काढणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "नो, नो. सोडून दे. आज नको."

"अहो बाबा, कालवणाचं काय?"

"आज नको," ते पुन्हा म्हणाले. त्यांनी मासा हलकेच पाण्यात धरला आणि सोडला. वय झालं की माणूस हळवा होतो, असं मी मनात म्हटलं. इतकी मी हुशार.

दुपारी रॉसने चिली बिन, म्हणजे बर्फाचा डबा, उघडून सँडविचेस काढली. बाबांसाठी मी चीजचं सांगून ठेवलं होतं. त्यांनी मान हलवली. "पोट भरलंय." मला वाटलं, बोट लागली असेल. मलाही काही जात नव्हतं.

त्यानंतर किती वेळ गेला कोण जाणे. माझं सगळं लक्ष पाण्याकडे. बाबांचा हात माझ्या खांद्यावर पडला तेव्हा कळलं की तो थरथरतोय.

"वासंती," बाबा म्हणाले. आईचं नाव. "वासंती, घागर भरली का?"

मी वळून बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि घाम नाकावरून गळत होता. इस्त्रीचा शर्ट अंगाला चिकटलेला. हातातली काठी सुटली आणि बोटीच्या कडेवरून पाण्यात गेली, त्यांना पत्ताही नव्हता.

"बाबा! बाबा, मी सुखदा. इकडे बघा."

त्यांनी बघितलं, पण ओळख नव्हती. जीभ जड झाली होती. रॉसने इंजिन बंद केलं. "स्ट्रोक?" तो म्हणाला.

मी हजार वेळा लोकांना सांगितलंय अशा वेळी काय करायचं. हात वर करायला सांगा. हसायला सांगा. बाबा हसेनात, हात उचलेनात, नुसते माझ्यापलीकडे बघत होते. साखर उतरली की असंच दिसतं. मेंदूला झटका आला तरी असंच दिसू शकतं. साखर उतरली असेल तर त्याच क्षणी गोड द्यायचं. झटका असेल तर तोंडात काही घालायचं नाही, घशात अडकून जीव जाईल. मी दुकानात हे फडाफडा सांगते. पण बोटीत माझ्यासमोर बाबा होते आणि मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं. गोळी मी स्वतः दिली होती. पण त्यांनी खाल्लं होतं. बशी रिकामी होती. मग साखर कशी उतरेल?

"झटका आहे," मी रॉसला म्हटलं. "परत चल. लवकर."

"धक्का पार त्या टोकाला आहे. तिथल्या लॉजमध्ये फोन आहे, पण अॅम्ब्युलन्स रोटोरुआहून यायची." त्याचे हात भराभरा दोऱ्या गुंडाळत होते. "हँग इन देअर."

ताउपोवर फोन लागला असता. समोर गाव असतं, बाजूला बोटी असत्या. मी लाटांना भिऊन बाबांना इथे आणलं, जिथे हाक मारली तर झाडांशिवाय ऐकणारं कुणी नव्हतं. चंद्रहासला काय सांगू? आईच्या वेळी मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आता बाबा माझ्या हातांत होते आणि हातांतूनच चालले होते. मी त्यांचं डोकं छातीशी धरलं आणि इतकी घाबरले की खाली पाणी आहे हेसुद्धा विसरले.

बाबा पुटपुटत होते. मी कान लावला.

"चंद्र... अजून नाही दिसला चंद्र."

बदकं. रिकामी बशी. इस्त्रीचा शर्ट. सोडून दिलेला मासा.

फ्रिजवरची दिनदर्शिका इथली होती. पण बाबांच्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी, पुण्याहून गुंडाळून आणलेली दुसरी होती. आल्या दिवशी मीच बॅग उपसली होती, मी ती बघितली होती. इथला आणि तिथला चंद्रोदय एका वेळी होत नाही, म्हणून कधी कधी चतुर्थी एका दिवसाने पुढेमागे होते. इथली संकष्टी उद्या होती. पुण्याची आज.

"साखर!" मी किंचाळले. "रॉस, काहीतरी गोड दे! फिझी, काहीही!"

त्याने चिली बिनमधून कॅन काढून दिला. मी फोडला आणि वाचलं. डाएट. "साखरेचा दे, मूर्खा!" मी चक्क मराठीत ओरडले आणि त्याला ते कळलं. त्याने बर्फ उपसून तळातून लेमोनेडची एक बाटली काढली.

मी ती बाबांच्या ओठांना लावली. त्यांनी दात घट्ट आवळले. मान फिरवली, हाताने बाटली ढकलली, अर्धी माझ्या अंगावर सांडली. कुठून आली होती एवढी ताकद! "नाही," ते म्हणाले. "चंद्र." त्यांना मी कळत नव्हते, स्वतःचं नाव कळत नव्हतं. पण उपास कळत होता.

मी वर बघितलं. आभाळ राखाडी होतं. डोंगराच्या वर, ढगांच्या पाठीमागे सूर्य होता, पांढरा, गोल, सरळ बघता येईल इतका फिका.

"बाबा," मी म्हटलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला, आई ठेवायची तसा. "चंद्र उगवला. तो बघा. डोंगरावर."

बाबांनी मान वर केली. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, संपलं, हे फसणार नाहीत. मग त्यांनी थरथरते हात जोडले आणि बाजूला काहीतरी चाचपायला लागले. पळी शोधत होते. आई चंद्राला अर्घ्य द्यायची, तिथून पुढे उपास सुटायचा.

मी बोटीच्या कडेवरून वाकले आणि दोन्ही हात त्या काळ्या पाण्यात घातले. बर्फासारखं गार होतं. ओंजळ भरून घेतली, बाबांच्या ओंजळीत ओतली आणि त्यांचे हात माझ्या हातांत धरून सूर्याकडे केले. पाणी बोटांतून तळ्यात सांडलं.

"झालं बाबा. आता घ्या."

त्यांनी तोंड उघडलं. एक घोट. गिळला. थांबले. मी पाठीवरून हात फिरवत होते, गिळतायत का ते बघत होते. दुसरा घोट. बोट पूर्ण वेगात निघाली होती, पाण्यावर आपटत होती, तोंडावर तुषार येत होते आणि मी एका हाताने बाटली, एका हाताने बाबांना धरून होते. बाक धरायला हातच उरला नव्हता.

धक्का दिसायला लागला तेव्हा बाबांचा घाम थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सुखू," ते म्हणाले, "तू भिजलीस की."

मी इतकी जोरात रडले की रॉसने वळून बघितलं. त्याला वाटलं, गेले.

त्या गोळीचं काही खरं नसतं, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून रोटोरुआच्या हॉस्पिटलात त्यांना ठेवून घेतलं. हाताला सलाइन, समोर जेलीची वाटी. नर्सने दर तासाला बोट टोचलं की बाबा तिला थँक यू म्हणत होते. माझ्याकडे बघायचं टाळत होते. आणि माझी भीती ओसरल्यावर तिच्या जागी नुसता राग उरला होता.

"माझ्या डोळ्यांसमोर गोळी गिळलीत आणि न्याहारी बदकांना घातलीत?"

"गोळी चुकवायची नाही, असं तूच म्हणाली होतीस."

"आणि उपास बंद म्हटलं होतं ते?"

बाबा जेलीत चमचा फिरवत राहिले.

"तुमचा विश्वास तरी आहे का कशावर? आईला हसायचात तुम्ही. मग कशासाठी जीव द्यायला निघालात?"

"माझा नाही विश्वास," बाबा म्हणाले. "तिचा होता. तू विमानात बसलीस त्या महिन्यापासून तिची संकष्टी तुझ्यासाठी असायची. पोरगी पाण्यापलीकडे आहे, तिला पाण्यापासून सांभाळ म्हणून. मला तेव्हा माहीतच नव्हतं. शेवटी हॉस्पिटलात म्हणाली, माझ्यामागे तुम्ही बघा. मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?" त्यांनी चमचा खाली ठेवला. "इथली उद्या आहे, ते बघितलं होतं मी फ्रिजवर. पण ती पुण्याच्या तिथीने धरायची. आणि आज तर तू प्रत्यक्ष पाण्यात जाणार होतीस, सुखू. नेमका आजचा कसा सोडू?"

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. ऑकलंडला आल्यापासून मी बोटीत बसले नव्हते, पोहायला शिकले नव्हते, पाय बुडवले नव्हते, आणि वाटत होतं की मी माझी मीच सांभाळून आहे. तिकडे एक बाई दर महिन्याला माझ्यासाठी उपाशी राहत होती. मी बाबांचा सलाइन नसलेला हात धरला. तो आता गरम होता.

"इथली संकष्टी उद्या आहे ना?" मी म्हटलं.

"हो."

"उद्यापासून मी धरते. दर महिन्याला. तुम्ही त्या दिवशी माझ्यासमोर बसून पोटभर जेवायचं."

"तू? तू कुणासाठी धरणार?"

"तुमच्यासाठी."

बाबा कॉटवर जरा उठून बसले, आणि त्यांचा चेहरा दुपारी माझा झाला असेल तसा झाला.

"सुखू," ते म्हणाले, "तू कसल्या गोळ्या घेत नाहीस ना?"